गेटच्या आत ताशी दहा

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका गोडाऊनच्या आवारात मी बारा वर्षं गाड्यांची सुपरवायझर आहे. आवार केवढं, तर गेटपासून शेवटच्या शेडपर्यंत माणूस चार मिनिटांत चालत जातो. पण तेवढ्या जागेत जे घडतं, ते अख्ख्या हायवेवर घडत नसेल. नवऱ्याला रोज एक किस्सा सांगते, तरी शिल्लक उरतातच.

गेल्या वर्षी मात्र आमचं हसू पळालं होतं. दोन महिन्यांत आमच्या ड्रायव्हरांनी रिव्हर्स घेताना दोन शटरं वाकवली आणि पाण्याची टाकी पाडली. ज्या कंपनीचा माल आमच्याकडे असतो, तिने कळवलं, "महिन्याभरात आमचा माणूस तपासणीला येईल. त्याला पटलं नाही तर तुमचे पाचही ड्रायव्हर बंद, एजन्सीचे येतील." मला रात्री झोप लागेना. पाचही जणांच्या घरी मी जेवलेली आहे. मग ट्रेनिंग सुरू केलं.

*

पहिला नियम, गेटच्या आत वेग ताशी दहा. दुसऱ्याच दिवशी खरवईचा संतोष टेम्पो घेऊन सुसाट गेला. मी आडवी गेले.

"संतोष, काटा बघितलास का?"

"बघितला ना मॅडम. शून्यावर होता."

वाकून पाहिलं, तर काटा खरंच शून्यावर. गाडी घेतल्यापासून तो तिथेच होता म्हणे!

*

दुसरा नियम सीट बेल्टचा. गणपतच्या गाडीत बेल्ट लावला नाही तर सारखं कुईकुई वाजतं. म्हणून त्याने बेल्ट कायमचा लावून टाकला आणि स्वतः त्याच्यावर बसायला लागला. मी ओरडले, तर शांतपणे म्हणतो, "मॅडम, गाडीची काय तक्रार नाय."

*

मग डिझेल. आमचे शेठ उल्हासनगरचे सिंधी, मिठाईचे भारी शौकीन. त्यांनी जाहीर केलं, आठवड्यात जो सगळ्यांत कमी डिझेल जाळेल त्याला पेढ्यांचा बॉक्स. गणपत पहिला आला. त्याचं डिझेल जवळजवळ हललंच नव्हतं. वॉचमनने खरं सांगितलं, गणपत स्टिअरिंगवर बसायचा आणि हमाल रिकामा टेम्पो एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत ढकलायचे.

शेठनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, डिझेल बचाया, लेकिन इन लोगों का नाश्ता कौन देगा?" पेढे मग हमालांनीच खाल्ले.

*

बक्षिसाचा मोह संतोषलाही आवरला नाही. त्याने मागच्या शेडच्या उतारावर इंजिनच बंद केलं. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, हे त्याला उतारावरच कळलं. टेम्पो सरळ जाऊन रिकाम्या गोण्यांच्या ढिगात बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र त्याच गोण्यांवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघांना उताराचा धडा संतोषनेच दिला, आणि माझ्यापेक्षा बरा दिला.

*

तपासणीचा दिवस उजाडला. आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर सोनिवलीचे निवृत्तीकाका, भातशेती सांभाळून ट्रक चालवणारे. त्यांना सगळं मान्य होतं, फक्त रिव्हर्सआधी उतरून मागे बघणं सोडून. "बाय, मना आरशान सगला दिसते. गुडघं दुखतान माझं," एवढंच म्हणायचे. महिनाभर मी हात जोडत होते.

तपासनीस आला, काटकुळा. फाइल घेऊन आवारात एकटाच फिरत राहिला. माल निघायला उशीर झालेला, मागे तीन गाड्या खोळंबलेल्या. काका ट्रकमध्ये चढले, इंजिन चालू झालं, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला. मी आजूबाजूला पाहिलं. तपासनीस कुठेच दिसेना! हाक मारली, ती इंजिनच्या आवाजात गेली.

इंजिन बंद झालं. दार उघडून, गुडघा धरून, पुटपुटत काका खाली उतरले आणि मागे गेले.

मागच्या चाकाशी तपासनीस उकिडवा बसला होता, तोंडात पेन धरून टायरवरचा नंबर वाचत.

काका म्हणाले, "सायेब, तुमचा होऊ द्या आरामात. मी उभा हाय."

तपासनीसाने चाकाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मी शेडमागे जाऊन मनसोक्त रडले.

संध्याकाळी त्याने फाइल माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर 'मान्य' असा शिक्का होता. खाली शेऱ्याच्या जागी त्याने हाताने एकच ओळ लिहिली होती, "चालक उतरून बघतो."