ताब्याच्या दिवसापर्यंत रान आमचं होतं

"पेंडी खाली टाक, गंग्या. सरकारी रानातली चोरी हाय ही."

पाटील आमच्याच बांधावर उभा राहून माझ्या बापाला बोलत होता. बाच्या डोक्यावर ज्वारीची पेंडी. मागे निम्मं रान काढायचं राहिलेलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आलेलं पहिलं धड पीक. झरीकडच्या आमच्या गावातून कालवा जायचा होता, त्याची नोटीस चावडीवर लागली होती. पाटलाने गावभर सांगितलं, नोटीस लागली की रान सरकारजमा. लोकांनी विळे खाली ठेवले. बाने ठेवला नाही.

बौद्ध झाल्यापासून बा कुणापुढे वाकत नव्हता. त्या दिवशीही ताठ उभा राहिला. पाटलाकडे न बघता त्याने मला विचारलं, "तू हापिसात असतोस. खरं हाय का रं?"

मी परभणीला भूसंपादनाच्या कचेरीत शिपाई होतो. साहेब शेतकऱ्यांना सांगायचे ते रोज कानावर पडायचं. नोटिशीने मालक बदलत नाही. आधी भरपाईचा निवाडा होतो, मग अधिकारी जागेवर येऊन ताबा घेतो. त्या घडीला जमीन सरकारची. तोवर पेरायचा आणि काढायचा हक्क मालकाचाच.

मला माहीत होतं. पण नोकरी पाटलाच्या शब्दाने लागली होती.

"व्हय, बा," मी म्हणालो.

बा वाकला. पेंडी टाकली नाही, हळूच ठेवली. त्याच संध्याकाळी पाटलाचे बैल आमच्या ज्वारीत शिरले.

पुढे निवाडा झाला. साहेब ताबा घ्यायला आले, शिपाई म्हणून मी बरोबर. खुंट्या ठोकल्या, पंचनामा वाचला. आजपासून ही जमीन सरकारची.

बा पुढे झाला. "सायब, कालपातूर कुणाची व्हती?"

"तुमचीच की."

बाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

पंचनाम्यात पाटलाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं की रान वर्षभर पडीक होतं. पाटील मला म्हणाला, "बापाचा अंगठा घे लवकर."

शाईची डबी माझ्याच हातात होती. ती मी खाली ठेवली. "पडीक नव्हतं," मी साहेबांना सांगितलं. "ज्वारी होती. पाटलाच्या बैलांनी खाल्ली. मी तेव्हा बापाशी खोटं बोललो."

नोकरी गेली. जायचीच होती. बा नंतरही माझ्याशी बोलायचा. जेव म्हणायचा, दार लाव म्हणायचा. पण मरेपर्यंत त्याने मला काही विचारलं नाही. आभाळ बघायचा, पाऊस येईल का, ते शेजाऱ्याला विचारायचा. मी तिथेच बसलेला असायचो.

आता गावात नव्या तलावाची नोटीस लागली आहे. लोक पुन्हा पेरणी थांबवून बसलेत. मी काठी टेकत एकेका बांधावर जातो. पेरा म्हणतो. ताबा घेईपर्यंत रान तुमचं. परवा पाटलाचा नातू आडवा आला. "आजोबा, तुमाला कुणी इचारलंय का?"

नाही विचारलं. मला आता कुणी विचारायची गरज नाही. न विचारता सांगणार आहे.