दत्ताचं पालथं प्रेत

आमच्या दत्ताच्या प्रेताचा मी अपमान केला, हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. दत्ता म्हणजे माझा साडू. तो मोशीला राहतो आणि ठणठणीत आहे.

तरुणपणी त्याने एका रहस्यपटात काम केलं होतं. पिक्चर आठवडाभरही टिकला नाही आणि त्या आठवड्यात दत्ताची नेमकी सेकंड शिफ्ट! त्यामुळे तो कुणीच पाहिलेला नव्हता, खुद्द नटानेही. पुढे त्याच्या जावयाने तो इंटरनेटवर शोधून काढला. दत्ताने सगळ्यांना घरी जमवलं. थेरगावहून व्याहीसुद्धा आले. (व्याही निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर दत्ता एरवी खुर्चीच्या कडेवर बसतो.) त्या दिवशी मात्र नवा शर्ट घालून ऐसपैस टेकला होता.

“मी कुठंय तेवढं ओळखा,” एवढंच म्हणाला.

चाकणच्या कंपनीत माझा जन्म इन्स्पेक्शनमध्ये गेलेला. नजर तयार! मी दत्ताला पानवाल्यात शोधलं, बँडवाल्यांत शोधलं. तेवढ्यात गोडाऊनमध्ये एक प्रेत पालथं पडलेलं दिसलं. इन्स्पेक्टर त्याच्याभोवती घिरट्या घालत होता.

“थांबवा,” मी म्हणालो. “मढं श्वास घेतंय.”

जावयाने मागे घेऊन पुन्हा लावलं. मी उठून टीव्हीवर बोट ठेवलं. “ही पाठ फुगली. ही बसली. आमच्याकडे असला माल रिजेक्ट!”

व्याही कवळी सावरत हसायला लागले. मला आणखी चेव चढला. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. बायकोने चिमटा काढला. मला वाटलं, कौतुकाने!

“अहो, बसा खाली,” ती हळूच म्हणाली. “ते दत्ताभाऊजी आहेत.”

हसणं थांबलं. दत्ता पुन्हा खुर्चीच्या कडेवर आला होता.

“श्वास धरला होता मी, अण्णा,” तो म्हणाला. “त्यांनीच कट म्हणायला उशीर केला.”

आणि कुणी न मागता चहा टाकायला आत गेला. पिक्चर तिथेच बंद झाला.

त्यानंतर माफी मागायला मी किती वेळा मोशीला गेलो आणि नुसता जेवून आलो! परवा मात्र निगडीपासून बसमध्ये वाक्य घोकत गेलो. दत्ताने दार उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

“पिक्चर मात्र झकास होता हं, दत्ता.”

त्याचा चेहरा खुलला. “पूर्ण पाहिलात, अण्णा?”

“म्हणजे काय! दोनदा.”

“मग सांगा, मला मारलं कुणी?”

‘मीच’ म्हणालो असतो, तर माफी तिथेच मागून झाली असती. मी म्हणालो, “मुनीमानं.”

त्या पिक्चरमध्ये मुनीमच नाही, हे दत्ताने मला चहा देताना शांतपणे सांगितलं.