उसना नववा

त्या रविवारी सकाळी दिनकर घळसासी मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारत होते. मी विचारलं, "काका, झोप लागली का?"

"लागली की. स्वप्नातपण हरलो."

जर्मनीत बॉबलिंगेनच्या पुढच्या गावात आमचा बेसबॉलचा संघ आहे. नाव ओटर्स, म्हणजे पाणमांजरं. त्या हंगामात ओटर्सनी एकही सामना जिंकला नव्हता. हा शेवटचा. हाही गेला, तर पूर्ण हंगाम हरणारा लीगमधला पहिला संघ म्हणून आमची नोंद होणार होती. एरवी आमचा खेळ बघायला कुत्री फिरवणारी माणसं तेवढी थांबायची. त्या दिवशी कुंपणापाशी उभं राहायला जागा नव्हती. गावच्या पेपरचा फोटोग्राफरही आला होता.

काका कप्तान. वय छप्पन्न, गाव कराड. नव्वदच्या दशकात इंजिनीअर म्हणून इथे आले, तेव्हा क्रिकेट खेळणारं कोणी सापडेना. अमेरिकन छावणीतल्या काही जणांनी गावात बेसबॉलचा क्लब काढला होता. बॅट दिसली म्हणून काका आत शिरले, ते बाहेर आलेच नाहीत. क्लबच्या केकच्या टेबलामागे त्यांना उल्रिके भेटली. उल्रिकेकाकू अजून त्याच टेबलामागे उभ्या असतात. आता केकशेजारी बटाटेवडेही असतात, आणि आधी तेच संपतात. काकू मराठी शिकल्या त्या सासूबाईंकडून. त्यामुळे नवऱ्याला त्या "अहो दिनकर" म्हणतात.

मला या देशात येऊन दुसरंच वर्ष. बेसबॉल मला कळत नव्हता. काकांनी मला धावफलकावर बसवलं. "तू मराठीत एम.ए. ना? मग पाट्या लावायला हरकत नाही."

गुडघ्यांमुळे काकांचा हा शेवटचा हंगाम होता. शून्यावर घरी जाणार नाही, असं ते एप्रिलपासून म्हणत होते. ऑफिसच्या कँटीनमध्ये सूप वाढणारी बाईसुद्धा सोमवारी विचारायची, "हेर घळसासी, या वेळी कितीने?" हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत. काका हसायचे. पण एकदा सामना हरल्यावर मी त्यांना गाडीत बसलेलं पाहिलं होतं. बराच वेळ त्यांनी किल्लीच फिरवली नव्हती.

समोरचा संघ लिंडेनाखचा. ते तीन गाड्यांतून निघाले, दोन गाड्या पोचल्या. तिसरी ऑटोबानवर स्टाऊमध्ये, म्हणजे ट्रॅफिक जॅममध्ये, अडकली होती आणि पुढे रस्ताच बंद होता. मैदानावर त्यांचे आठ जण होते. बेसबॉलला नऊ लागतात. अंपायरने घड्याळ बघितलं आणि नियम सांगितला. नववा आला नाही तर सामना यजमानांना. म्हणजे आम्हाला.

ओटर्सना हे कळायला क्षणभर लागलं. मग हातमोजे हवेत उडाले. काकांचा मुलगा कबीर हायडेलबर्गला शिकतो. तो खास या सामन्यासाठी आला होता. तो बाकावर चढला. "पापा, जिंकलो आपण," तो जर्मनमध्ये म्हणाला. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.

काका समोर बघत होते. लिंडेनाखची माणसं बॅगा परत गाडीत ठेवायला लागली होती.

"अरे, चाललात कुठे?" काकांनी हाक मारली. मग आमच्याकडे वळले. "आमच्या गल्लीत समोरच्यांना एक कमी पडला तर आपण आपला एक द्यायचो. घरी नाही पाठवायचो."

"ही गल्ली नाहीये," कबीर म्हणाला.

अंपायरने कान खाजवला. आमच्या या सगळ्यांत खालच्या लीगमध्ये दोन्ही कप्तान कबूल असतील तर उसना खेळाडू चालतो, असं त्याने सांगितलं. नाइलाजाने सांगितल्यासारखं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले. "आपण दहा आहोत. एक जातो."

"कोण?"

"गल्लीत कोणाला देतात? लिंबूटिंबूला." त्यांनी अंगातला शर्ट काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला.

आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, माथियास इलेक्ट्रिशियन आहे. कमी बोलतो. तो म्हणाला, "दिनकर, विजय दारात उभा आहे."

"उभा आहे ना? मग थांबेल थोडा."

केकच्या टेबलामागून आवाज आला. "अहो दिनकर, आज घरी कसे येणार?"

"बहुतेक चालत."

मला वाटलं, थट्टा आहे. ते खरोखर पलीकडे निघून गेले.

आणि मग ओटर्स खेळले. असं खेळताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. रागाने खेळले. काका लिंडेनाखकडून बॅट घेऊन आले तेव्हा माथियासने त्यांना तीन चेंडूंत परत पाठवलं. कुंपणावरची माणसं टाळ्या वाजवत होती. काकांनीही वाजवल्या. आम्ही पुढे गेलो. लिंडेनाखने गाठलं. आम्ही पुन्हा पुढे गेलो. पाट्या बदलून बदलून माझी बोटं काळी झाली. वडे संपले, केक संपला, आणि कोणी घरी गेलं नाही. कुत्रीसुद्धा बसून होती.

शेवटचा डाव. बॅटिंग आमची. आम्ही एका धावेने मागे, दोन गडी बाद. तिसरा बाद झाला की खेळ संपला, आणि ती नोंद आमच्या नावावर. पण आमचे दोघे जण बेसवर धावायला टपलेले होते. दोघे परतले तर आम्ही जिंकलो. बॅट कबीरच्या हातात होती.

पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा मारला.

चेंडू उंच गेला. उजवीकडे, लांब, कुंपणाच्या दिशेने. बाकावरचे सगळे उभे राहिले. दोघेही धावत सुटले. मी दोन्ही हातांत पाट्या घेऊन उड्या मारत होते. मग हळूहळू आरडाओरडा थांबला. चेंडू जिथे उतरणार होता, तिथे उलटा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता.

झेल सोडला की झालं. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, डोळ्यांवर ऊन. कोणी ब्र काढला नसता.

"पडू दे," माथियास माझ्याशेजारी पुटपुटत होता. "दिनकर, पडू दे."

काका मागे सरकले. वाकडे, लंगडत. मग त्यांनी हातमोजा काढून गवतात टाकला. लिंडेनाखचा कप्तान किंचाळला. काकांनी दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरली, कराडला धरत असतील तशी. चेंडू आत आला. तो आवाज मला धावफलकापाशी ऐकू आला.

माझ्या हातात पाट्या तशाच राहिल्या.

लिंडेनाखच्या आठ जणांनी काकांना खांद्यावर घेतलं. फोटोग्राफरला कळेना की फोटो कोणाचा काढायचा. जिंकलेल्यांचा, की हरून लीगमध्ये पहिले आलेल्यांचा. काका दोन्हीकडे होते. शेवटी त्याने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं.

माथियास काकांसमोर जाऊन थांबला. "आल्झो, म्हणजे बघ. वर्षभर आमच्यासाठी तू एक झेल धरला नाहीस."

"तुम्ही तो हातमोजा घालायला लावता."

माथियासने त्यांच्याकडे बघितलं. मग त्याला हसू आवरेना. तो गुडघ्यांवर हात ठेवून हसत राहिला. त्याचं बघून बाकीचेही हसायला लागले. कोणी तरी बिअरचा क्रेट ओढत आणला.

कबीर सगळ्यांत शेवटी आला. बॅट अजून हातातच होती. "तो चेंडू पडणार होता," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"नव्हता रे. मी होतो ना तिथे."

कबीरने त्यांचे तळवे उलटून बघितले. लाल झाले होते. त्याने क्रेटमधल्या दोन गार बाटल्या काढून त्यांच्या हातांत दिल्या, आणि बॅट घेऊन पाठमोरा निघून गेला. थोड्या वेळाने वळून आला आणि त्यांच्या शेजारी बसला.

काका बाटल्या न उघडता तशाच धरून बसले होते. काकू टेबल पुसून आल्या. कोणीच विचारत नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"काका, सोडावासा नाही वाटला?"

"वाटला ना," ते म्हणाले. "चेंडू वर होता तोवर मी सोडतच होतो. मग तो खाली आला."