५८६ येईपर्यंत

वाल्मीक भालेराव कॉम्प्युटर बनवत नव्हता, विकतही नव्हता. पण नवा कॉम्प्युटर कधी येणार, हे भिवंडीत कोणाला विचारायचं असेल तर त्यालाच विचारायचं, हे ठरूनच गेलं होतं. मी त्याच गल्लीत वाढले, म्हणून त्याचं हे माहात्म्य कसं वाढलं ते मला ठाऊक आहे. ते कुठे जाऊन संपलं तेही.

१९८५ साली तो टायपिंग क्लासात शिकवायचा. पुढे ठाण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि क्लासच्या मागच्या खोलीत दोन मशीनं मांडून बसला. कल्याण स्टेशनच्या स्टॉलवर महिनाभर उशिरा येणारं एक इंग्रजी मासिक तो अक्षरन्‌अक्षर वाचायचा. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर; २८६, ३८६ अशी त्यांची नावं. पुढचा कधी निघणार यावर त्या मासिकात पानंच्या पानं अंदाज असायचे. एक म्हणे मार्चमध्ये, दुसरा म्हणे वर्षअखेर. वाल्मीक समासात पेन्सिलीने तारखा लिहायचा आणि पुढच्या महिन्यात खोडायचा.

अमेरिकेतल्या तारखेशी आमचं काय देणंघेणं, असं बाहेरच्याला वाटेल. पण भिवंडी उभी राहिली तीच मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेल्या लूमांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर. तिकडे नवं आलं की जुनं आमच्याकडे यायचं आणि आमचे लोक तेलपाणी करून ते आणखी वीस वर्षं चालवायचे. कॉम्प्युटरलाही सगळ्यांनी तोच न्याय लावला. नवा प्रोसेसर आला की मुंबईची ऑफिसं जुनी मशीनं काढणार. म्हणजे नवा कधी येणार हे कळलं, की आपण कधी घ्यायचं हे कळलं. मलाही ते शहाणपणाचंच वाटायचं.

१९८९ च्या सुरुवातीला शेजारच्या वळ गावचा लडकू पाटील आपल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिससाठी मशीन घ्यायला निघाला होता. वाल्मीकने त्याला थोपवलं. "४८६ उन्हाळ्यात जाहीर होतोय. तू दिवाळीनंतर घे." एप्रिलमध्ये तो खरंच जाहीर झाला आणि दिवाळीनंतर लडकूला मुंबईच्या एका ऑफिसातलं मशीन जवळजवळ भंगाराच्या भावात मिळालं. लडकू पेढे घेऊन आमच्या गल्लीत आला. तेव्हापासून जो तो वाल्मीकला विचारल्याशिवाय हलेना. त्या पेढ्यांची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

मी बकुळा. एका ट्रस्टच्या टीबीच्या दवाखान्यात मी कार्डं सांभाळायचे. लूमच्या धुळीत आणि दाटीवाटीच्या खोल्यांत टीबीला काय तोटा! तेराशे पेशंट, तेराशे कार्डं, पाच लाकडी खोकी. प्रत्येकाने आठवड्याच्या ठरल्या वारी येऊन औषध न्यायचं. जो आला तो दिसायचा. जो आला नाही तो शोधायला सगळी खोकी उपसावी लागायची, आणि तेवढी सवड महिनाअखेरीलाच मिळायची. या रोगाचं औषध मोठं फसवं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि तो यायचा बंद होतो. मग दुखणं उलटतं ते औषधाला दाद देत नाही. म्हणून चुकलेला माणूस त्याच आठवड्यात पकडायला हवा.

आमच्या डॉक्टर मोमीनांनी मुंबईच्या एका हॉस्पिटलात पाहिलं होतं, की तिथलं मशीन रोज संध्याकाळी न आलेल्यांची यादी छापून देतं. जानेवारी १९९२ मध्ये ट्रस्टने खरेदीला होकार दिला. डॉक्टरांनी वाल्मीकला बोलावलं.

"३८६ आज पण मिळेल," वाल्मीक म्हणाला. "पण डॉक्टरसाब, जरा थांबा. मार्च-एप्रिलपर्यंत ५८६ येतोय. तो आला की ह्याच पैशात ४८६ मिळेल."

"पक्का?"

"मागच्या वेळी चुकलो का?"

"तो ठीक है, रुकते हैं," डॉक्टर म्हणाले. मी कार्डं लावता लावता हे ऐकलं आणि मनात म्हटलं, वाल्मीक म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार.

फेब्रुवारीत माझ्या टेबलासमोर जानू येऊन उभा राहिला. वाल्मीकचा धाकटा भाऊ. लूमवर कारागीर, राहायलाही कारखान्यातच. तपासणीत जे निघायचं ते निघालंच होतं.

"बकुळाताई, दादाला बोलू नको," तो म्हणाला. "माझ्या लग्नाचं बोलणं चाललंय. पोरीकडच्यांना कळलं तर संपलं सगळं."

"अरे, पण घरात एकाला तरी..."

"कोर्स पुरा झाला की मीच सांगतो. शपथ हाय तुला."

मी कार्ड लिहिलं. वार बुधवार, पत्त्याच्या जागी कारखान्याचं नाव. वाल्मीक रोज गल्लीत समोर यायचा, जयभीम व्हायचा, आणि मी खाली बघून पुढे जायचे.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत जानू लेझीम खेळला. गाल वर आले होते. वाल्मीक मला कौतुकाने म्हणाला, "बघ, लूमवर राहून पण कसा तगडा झालाय." मला इतका आनंद झाला की सगळं सांगूनच टाकावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. जानू आला नाही. मला ते कळलंच नाही; आलेल्या दोनशे लोकांची कार्डं मी लावत बसले होते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी वाल्मीकला परत विचारलं. मासिक आता पावसाळ्यानंतरची तारीख सांगत होतं. "एवढं थांबलात, अजून थोडं थांबा," वाल्मीक म्हणाला.

महिनाअखेरीला खोकी उपसली तेव्हा जानूचं कार्ड हाती आलं. दवाखान्याचा शिपाई सावळाराम सायकल हाणत कारखान्यावर गेला. जानू वीस तारखेलाच सुरतला गेला होता, शेठच्या नव्या कारखान्यावर. तेव्हा तरी मी वाल्मीकला सांगायला हवं होतं. मी शपथेला धरून बसले. परत आला की पकडू, असं मनाशी म्हणाले.

जानू ऑगस्टमध्ये परत आला तो रक्त ओकत. वाल्मीकने त्याला थेट मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. औषध लागूच पडेना. पूर्वी अर्धवट औषध घेतल्याचं जानूने तिथेही कबूल केलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. नोव्हेंबरात तो गेला. ५८६ तोवर आलाच नव्हता. पुढच्या मार्चमध्ये आला तो पेंटियम या नावाने. वाल्मीकने ते मासिक घेणं बंद केलं.

जून १९९३ मध्ये दवाखान्यात मशीन आलं. आदल्या वर्षी मिळत होतं तेच, ३८६. वाल्मीक म्हणाला, सगळी जुनी कार्डं मीच चढवतो. मी जानूचं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. दोन दिवस ते तिथे होतं. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नाहीसं पाहून ते परत खोक्यात ठेवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. एवढं ओझं एकटीने किती दिवस वाहायचं?

तीन आठवडे तो टाइप करत होता. कोणत्या दिवशी त्याच्या हाती ते कार्ड आलं, मला कळलं नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रोजच्यासारखा येऊन बसायचा, आणि ते जास्त वाईट होतं.

काम संपलं त्या दुपारी त्याने मशीनला विचारलं, पंधरा एप्रिल १९९२, कोण कोण आलं नाही? प्रिंटर करकरला. सतरा नावं आली. जानूचं नववं.

"वीसला सुरतला गेला तो," वाल्मीक कागदाकडे बघत म्हणाला. "पाच दिवस होते आपल्याकडे. आणि त्याच आठवड्यात मी डॉक्टरला म्हटलं, थांबा."

"वाल्मीक, तू काही मुद्दाम..."

त्याने खिशातून कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "हे अक्षर तुझं हाय ना?"

मी मान हलवली. आता हा ओरडेल, का नाही सांगितलंस म्हणून विचारेल, निदान शिवी तरी देईल, असं वाटलं. देवाशप्पथ, मला ते हवं होतं. पण त्याने आजची यादी छापली, बावीस नावांची, घडी करून खिशात घातली आणि सावळारामला म्हणाला, "सायकल दे, आज मी जातो." माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. पुढे दवाखान्याचं मशीन तोच सांभाळू लागला आणि सहा वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं. त्याने मला ते कधीच विचारलं नाही.