फिनलंडवाले चाचा

मस्कतजवळ रुसैलला आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरमध्ये जाड जॅकेट चढवल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. चाचा टाकायचे. बाहेर उन्हाने पत्रे तापलेले, आणि हा साठीकडे झुकलेला माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात गोठलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांमध्ये उभा. काम संपलं तरी रेंगाळायचे. पांढऱ्या पडलेल्या मिशा पुसत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "हे तर काहीच नाय. फिनलंडात याच्याहून जास्त."

चाचा दापोलीकडचे, खाडीकाठच्या मोहल्ल्यातले. मी महाडचा. ते स्टोअरचे फोरमन, मी माल चढवण्या-उतरवण्यावरचा सुपरवायझर. कामगारांच्या कॅम्पवर आमची खोली एकच. हा माणूस निवांत बसून बोलतोय असं मी कधी पाहिलं नाही. खोलीत दोन खाटांमधल्या बोळात येरझारा, आणि कंपनीच्या बसमध्ये जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभे. उभ्याउभ्याच फिनलंड सुरू व्हायचं.

"तिकडं जोरात गाडी चालवली तर दंड पगार बघून लावतात. शेठला मोठा, ड्रायव्हरला छोटा."

"मग मी तिकडंच जातो चाचा," आमचा मालवणी ड्रायव्हर गणपत म्हणायचा, "माझ्या पगारात दंड बसायचाच नाही."

"तिकडं कुणाच्याही रानात शिरून करवंदासारखी फळं तोडावीत, कुणी ओरडत नाय."

"आमच्या गावात तोडून बघा. चुलता कोयती घेऊन येईल."

एकदा त्यांनी सौनाचं सांगितलं तेव्हा सगळी बस हसली. आम्ही मस्कतच्या उन्हाळ्यात गिझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून अंगावर घेणारी माणसं, कारण नळाला येतं ते गच्चीवरच्या टाकीतलं उकळतं. आणि तिकडे म्हणे लोक घरातच भट्टी पेटवतात, उघडे बसतात आणि हौसेने घाम काढतात! "खलास," गणपत म्हणाला, "म्हणजे आपण इथं पगार घेऊन सौना करतो."

ऑफिसातले एक पुण्याचे साहेब सुट्टीत फिनलंडला निघाले तेव्हा चाचांनी त्यांना दारातच गाठलं. "साहेब, कोट विसरलात तरी विकत मिळंल, पण घरात बूट घालून शिरू नका. आणि समोरचा गप्प बसला तर रागावला असं समजू नका. तिकडं गप्प बसणं वाईट नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा महाडवाला तिकडं जन्माला यायचा, चुकून इकडं आला."

साहेब परत आल्यावर चाचांनी त्यांना एकच विचारलं: बायामाणसं संध्याकाळी एकटी रस्त्याने जातात का? बिनधास्त जातात, साहेब म्हणाले. त्या दिवशी चाचा जेवताना दोनदा हसले.

हे फिनलंड कुठून आलं, ते बसमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं; एका खोलीत राहून काय लपणार? चाचांची मुलगी नर्स. ठरवलेलं लग्न मोडून ती त्या देशात नोकरीला गेली आणि तिथल्याच एकाशी तिने लग्न केलं. चाचांनी घरात फर्मान काढलं की तिचं नाव निघता कामा नये. त्यांच्या बायकोने, आमच्या भाभींनी, ते अक्षरशः पाळलं. दर शुक्रवारी फोनवर मुलीचं नाव न घेता त्या म्हणत, "ऐकलंत का, फिनलंडात म्हणे असं असतं." आणि चाचा म्हणत, "असं? अजून काय असतं?" लेकीची सगळी खुशाली अशी एका देशाच्या नावावर येत होती. ती रात्रपाळीहून एकटी घरी येते, हे त्यांना कळायचं ते "तिकडं म्हणे बायका रात्री एकट्या फिरतात" असं. म्हणून बिचाऱ्यांनी साहेबांकडून खात्री करून घेतली होती.

भर उन्हाळ्यात रमजान आला त्या वर्षी त्यांची तगमग बघवत नव्हती. भाभींनी सांगितलं होतं, तिकडं या दिवसांत सूर्य नीट बुडतच नाही. "मग रोजा सोडायचा कधी?" चाचा कॅम्पच्या अंगणात गरागरा फिरत होते. "माणूस मरंल की!" शेवटी मशिदीतल्या मौलवींना गाठलं. मौलवी म्हणाले, अशा मुलखात मक्केच्या वेळेवर सोडला तरी चालतो. चाचांनी लगेच भाभींना फोन लावला. "ऐक, फिनलंडात कुणी असंल ना, कुणीही, तर त्याला सांग."

पुढच्या हिवाळ्यात माझ्या फोनवर एक फोटो आला. चाचांचा फोन जुना, बटणांचा. अडीअडचणीला म्हणून भाभींकडे माझा नंबर होता, तो मुलीने घेतला असणार. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आणि खाली मराठीत: "काका, अब्बांना दाखवाल? मुलगी आहे. नाव त्यांनी ठेवावं. इथे नाव कळवायला दोन महिने असतात. मी थांबते."

मी फोटो दाखवला नाही.

लोकांच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. एकदा कुणीतरी लेकीबद्दल विचारलं तेव्हा चाचा ताटावरून उठले होते आणि कितीतरी दिवस कुणाशी बोलले नव्हते. तसे ते माझ्याशी वागले तर, ही भीती होती. त्या खोलीत मला दुसरं कोण होतं? माझी बायको-मुलं महाडला, फोनवर पाच मिनिटांत आमचं बोलणं संपायचं. चाचांचं फिनलंड हीच माझी संध्याकाळ होती. ती जाऊ नये म्हणून मी फोन खिशात ठेवला.

त्याच सुमारास ते बसमध्ये सांगू लागले, "तिकडं बाळांना दुपारी गाडीत घालून बाहेर थंडीत झोपवतात. चांगली झोप लागते म्हणे." आवाज नेहमीचा नव्हता. पुढच्या शुक्रवारनंतर म्हणाले, "तिकडं बाळाला दोन महिने नाव नसलं तरी चालतं."

"मग हाक काय मारतात?" गणपतने विचारलं. "ए पार्सल?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "तुझी भाभी ही गोष्ट सारखी सांगते. दर फोनला. का सांगत असंल रे?"

स्वतःच घातलेल्या बंदीमुळे त्यांना बायकोला विचारता येत नव्हतं. मी म्हणालो, "काय माहीत चाचा."

नंतरचे आठवडे ते झोपेतही कुशी बदलत. खोक्यांवर बोटाने काहीतरी लिहीत आणि पुसत. मुलीचा पुन्हा मेसेज आला: "काका, अब्बा काही बोलले का?" मी लिहिलं, "सांगतो." तरी सांगितलं नाही. शेवटी एका शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं, "महाडवाल्या, तुला काय ठाऊक आहे?" तेव्हा मी फोन पुढे केला.

त्यांनी काच शर्टाच्या टोकाने पुसली. फोटो डोळ्यांजवळ नेला. "कधी आला?"

मी सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. ते फक्त म्हणाले, "लाव तिला."

अंगणात उभं राहून बोलले. "मी बोलतोय," एवढंच, आणि मग पलीकडचं रडणं संपेपर्यंत थांबले. "मी नाव काढलंय," म्हणाले, आणि ऐकत राहिले. मुदत त्या आठवड्यात संपली होती. अब्बा बोलणार नाहीत असं समजून तिने नाव कळवून टाकलं होतं. चाचांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. "छान आहे. अगदी छान. नाय गं, मी असंच म्हटलं, काही ठरवलं नव्हतं." मग विचारलं, "तुला थंडी वाजते का गं?"

त्यानंतर दर शुक्रवारी ते माझ्या फोनवरून लेकीशी बोलत. बसमध्ये मात्र फिनलंड बंद झालं. गणपतने छेडलं तर म्हणत, "आता काय सांगू? माणसंच आहेत तिकडं, आपल्यासारखी." मला त्यांनी कधीच बोल लावला नाही. डाळीत मीठ कमी असलं तरी खोली डोक्यावर घेणारा हा माणूस, आणि याबद्दल एक शब्द नाही.

तेलाचे भाव कोसळले, कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली, त्यात चाचांचीही नोकरी गेली. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान ढकलत ते माझ्यापुढे भराभर चालत होते. आत शिरायच्या आधी मी कसंबसं विचारलं, "चाचा, तुम्ही नाव कोणतं काढलं होतं?"

ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आवाज न चढवता म्हणाले, "ते तिचं होतं रे. तिला देता आलं नाय, तुला कसं देऊ?"