गळ्यात शिट्टी, गालात खर्रा

आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना खिसा चाचपतो तो मोबाइलसाठी नाही, खर्र्याच्या पुडीसाठी. सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून काळपट केलेला. चंद्रपूरपासून थेट सिरोंच्यापर्यंत कुठेही जा, ओळख होते ती पुडी पुढे केल्यानेच. सोयरीक असो की मयत, समोर आलेली पुडी नाकारायची नाही. नाकारली तर "लय मोठा झाला का बे?" हे ऐकून घ्यायचं. मी झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करतो. राजाच्या दरबारात उभा असलो तरी माझ्या अंगरख्याला पुडीपुरता खिसा असतोच.

या खर्र्याने गाल आतून चामड्यासारखे होतात. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. गावजेवणात भाजी जरा तिखट झाली की अख्खी पंगत डोळे पुसते, आणि याला आजार म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

पुढे वाघ वाढले. मोहफुलांच्या दिवसांत जंगलखात्याचे एक साहेब शिट्ट्यांचं खोकं घेऊन गावात आले. त्यांनी बजावलं, कुऱ्हाडीसारखी शिट्टीसुद्धा रोज जवळ बाळगायची, वाघ दिसला की आधी शिट्टी फुंकायची, बाकी सगळं नंतर. माईक अर्थातच माझ्या हातात. साहेब म्हणाले, "एकेकाने वाजवून दाखवा."

काय देखावा होता! बाप्ये ओळीनं उभे, ओठांत रंगीत शिट्ट्या, आणि गालांत हवाच भरेना. फुस्स. पुढचा आला, फुस्स. पोरी खिदळल्या, म्हातारे खोकेपर्यंत हसले, मी माईकवर सायकलची पंक्चरं मोजायला घेतली. वाजवली ती फक्त माझ्या वहिनीनं. चुलतभावाची, आमच्या दादाची, ही बायको कधीच खर्रा खात नसे. तिची शिट्टी अशी सणाणली की पारावरची कुत्री उठून पळाली.

"पाहा," ती दादाला म्हणाली, "तुमच्या गालात दमच नाई राह्यला."

"तू हायस ना वाजवाले," दादा म्हणाला आणि मुद्दाम पुन्हा फुस्स केलं.

मग घरात तो खेळच झाला. वहिनी भाकर थापत असली की दादा मागून येऊन शिट्टीत फुस्स करायचा. ती मान न वळवता म्हणायची, "आला माहा वाघ." मी तो प्रसंग उचलून नाटकात घातला. हमखास टाळ्या पडायच्या.

पुढच्या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा दोघं सकाळीच फुलं वेचायला गेली. पुढचं दादानंच मला सांगितलं. वहिनी झाडाखाली वाकलेली होती, तो थोडा दूर टोपली भरत होता. तिच्या मागच्या झुडपातून वाघ उठला. ओरडावं, धावावं, दगड फेकावा, यातलं त्याने काहीच केलं नाही. आधी शिट्टी, असं सांगितलेलं होतं. हाताशी एका श्वासाचा वेळ होता. तो त्यानं शिट्टीत घातला.

फुस्स.

"आला माहा वाघ," वहिनी म्हणाली. मान वळवली नाही.

दुपारी तेच साहेब पंचनाम्याला आले. "शिट्टी जवळ होती ना?"

"होती जी."

"मग वाजवली का नाही?"

दादानं गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि भरगर्दीत त्यांना फुंकून दाखवली. हसलं कोणीच नाही. इतक्या वेळा टाळ्या घेतलेला तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

सरण पेटल्यावर बाप्ये झाडाखाली बसले. कोणीतरी पुडी उलगडली आणि दादापुढे धरली. मयतीतली पुडी, नाकारणार कशी? त्यानं चिमूट घेतली, बोटानं गालात सारली, आणि पुडी माझ्याकडे सरकवली.

मीही घेतली.