फळ्यावरची सिद्धता माझी होती

“हे तू केलेलं नाही. कुणी लिहून दिलं?”

सरांनी भर चर्चासत्रात विचारलं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. माझ्या हातात खडू. समोर प्राध्यापक, संशोधक पोरंपोरी. सर पुढे म्हणाले, “राखीव जागेवरून येणाऱ्यांनी झेपेल तो विषय घ्यावा. फळा पूस आणि बस.”

कुणीतरी हसलं. मी फळा पुसला. बसले.

विषय क्वांटम गेज सिद्धांताचं गणित. अणूच्या गाभ्यातले कण एकमेकांना कसे धरून ठेवतात, ते भौतिकशास्त्र सांगतं. त्याला गणिताचा पक्का पाया मात्र अजून पूर्ण मिळालेला नाही. अवकाशाची जाळी कल्पायची, तिची घरं बारीक करत न्यायची. तसतसे आकडे हाताबाहेर जातात. एका सोप्या नमुन्यात ते आवरता येतात, एवढं मी सिद्ध केलं होतं.

कधी? माझे वडील, अण्णा, हिंगोलीच्या दवाखान्यात शेवटचे दिवस काढत होते तेव्हा. रजा मागितली. सर म्हणाले, “आधी गणित पूर्ण कर.” हॉस्टेलच्या खोलीत रडत रडत केलं. पुसेगावला, घरी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बापाचं तोंड दिसलं नाही.

आणि तेच गणित माझं नाही म्हणे.

चर्चासत्रानंतर तडक गावी आले. आई दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढून राहिली होती.

“काहून आलीस गं अशी?”

सगळं सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला.

“तूच केलं व्हतं ना?”

“व्हय.”

“मग पुसलं काहून?”

रानाच्या कडेला धुऱ्यावर बसून दोघी रडलो. अण्णा गेल्यावर पहिल्यांदाच, एकत्र.

परतले तर पुढच्या चर्चासत्रात सरांनी माझी सिद्धता दुसऱ्या विद्यार्थ्याला मांडायला दिलेली. तो पहिली ओळ लिहीत होता. मी उठले.

“ही माझी आहे.”

“खाली बस,” सर म्हणाले.

“न्हाई बसणार.”

फळ्याशी गेले. शेवटच्या ओळीपर्यंत लिहिली. सर मधेच निघून गेले. टाळ्या नाहीत. कुणी हसलंही नाही.

सरांविरुद्ध लेखी तक्रार दिली. सरांनी मार्गदर्शन सोडलं. सोबतचे बोलायचे थांबले. कार्यालयातून निरोप येतो, “माफी लिहून दे, प्रकरण मिटेल.”

माफी लिहिणार नाही. विषय सोडणार नाही. सोप्या नमुन्यात जमलं ते खऱ्या जगाच्या नमुन्यात जमतं का, अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. मी तिथूनच पुढे निघाले आहे. माझ्या नावानं.